अठरा पोती रेती आणि आठ माणसे

गेल्या पौषात आमच्या गावच्या घाटावर मी आणि माझ्या मावसभावाने एका बोटीत अठरा पोती रेती बसवली. ‘ठेवली’ न म्हणता ‘बसवली’ म्हणतो, कारण प्रत्येक आसनावर दीड पोते या हिशेबाने ती माणसांच्या जागी होती. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत नदीची रेती भरून, धान मोजायच्या काट्यावर प्रत्येक पोते बरोबर पन्नास किलोचे करून घेतले होते. जहाजांच्या स्थिरतेच्या हिशेबात माणशी ७५ किलो धरण्याची आंतरराष्ट्रीय रीत आहे. बोट विकणाऱ्याने ‘बारा सीटची’ म्हणून ती विकली होती, म्हणजे नऊशे किलो, म्हणजे अठरा पोती.

बोट फायबरची, अठरा फूट लांब, कोकणच्या किनाऱ्यावर काही वर्षे चाललेली आणि ट्रकवर लादून विदर्भात आणलेली. मागच्या फळीला आऊटबोर्ड इंजिन. मावसभाऊ मासेमार आहे. आमचे घराणेच ढिवरांचे, आणि आजोबांचे सगळे आयुष्य वैनगंगेवर डोंगा चालवण्यात गेले. मी मात्र हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. गोसीखुर्द धरणाचे पाणी अडल्यापासून नदी पसरली, आंभोऱ्याला पाच नद्यांच्या संगमावर तारांनी तोललेला मोठा पूल झाला, रविवारी नागपूरकडच्या गाड्या येऊ लागल्या, आणि ‘भाऊ, एक चक्कर मारून आणता का?’ असे विचारणारे लोक घाटावर दिसू लागले. तेव्हा मावसभावाला वाटले की जाळ्याच्या जोडीला हाही धंदा करून पाहावा. कागदपत्रांचे काम अर्थातच माझ्याकडे आले, कारण घरात इंग्रजी वाचणारा मीच.

हे सगळे इथे लिहून ठेवतो आहे, कारण गेल्या काही महिन्यांत आजूबाजूच्या गावांतील तीन-चार जणांनी मला हीच विचारणा केली आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता: बोटीत किती माणसे बसवता येतात? मी उत्तरादाखल रेतीची गोष्ट सांगू लागलो की ते हसतात. पण मला विचाराल तर या धंद्यातील जवळजवळ सगळा कायदा आणि जवळजवळ सगळी सुरक्षितता या एका आकड्याभोवतीच फिरते. हा आकडा कोण ठरवतो, कशावरून ठरवतो आणि घाटावर गर्दी असताना तो कोण सांभाळतो, एवढेच खरे प्रश्न आहेत.

आधी कायद्याचे सांगतो. देशांतर्गत नद्या, तलाव आणि धरणांच्या पाण्यावर चालणाऱ्या नावांसाठी १९१७ साली इंग्रजांनी केलेला कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ चालत राहिला आणि त्याची जागा अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ ने घेतली. नावेची लांबी किती आणि भाडे किती यांच्याही आधी हा कायदा एक गोष्ट विचारतो: तिला पुढे कोण ढकलते? वल्हे आणि बांबू ढकलत असतील तर ती एका प्रकारात जाते. यंत्र ढकलत असेल, मग ते मागच्या फळीला अडकवलेले लहानसे इंजिन का असेना, ती दुसऱ्या प्रकारात जाते. यंत्राने चालणाऱ्या नावेला तपासणीचा दाखला, नोंदणीचा दाखला, चालवणाऱ्याच्या पात्रतेचा दाखला आणि विमा, या चार गोष्टी लागतात. आधी तपासणी, मग नोंदणी, आणि नोंदणीचा क्रमांक बोटीवर सहज वाचता येईल असा लिहिलेला. पूर्वी एका राज्याची नाव दुसऱ्या राज्याच्या पाण्यात न्यायची तर पुन्हा परवानग्या घ्याव्या लागत. नव्या कायद्याने दाखला देशभर चालतो. ज्यांची नदी शिवनी-बालाघाटकडून वाहत येते, त्यांच्यासाठी ही अगदीच निरुपयोगी गोष्ट नाही.

आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या मंडळाच्या नावातच सागर आहे, आणि आमच्या घाटावरून सागर शेकडो कोस दूर आहे. त्यामुळे इकडच्या लोकांना तिकडे अर्ज करायचा असतो हेच ठाऊक नसते. एका कार्यालयात आम्हांला पहिल्या दिवशी अगदी आत्मविश्वासाने सांगण्यात आले की इंजिन आहे ना, मग हे काम आरटीओचे. आम्ही खरोखर आरटीओकडे गेलो. तिथल्या बाबूंनी बोटीचा फोटो पाहिला, आमच्याकडे पाहिले, आणि चहा मागवला. चहा चांगला होता.

बोटीचा दाखला मिळाला म्हणजे पाण्यावर जाण्याची परवानगी मिळाली, असेही नाही. पाणी कोणाचे, हा प्रश्न वेगळा असतो. धरणाचे पाणी जलसंपदा विभागाचे, आमच्याकडे म्हणजे विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाचे. तलाव अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात असेल तर वन विभागाचा शब्द शेवटचा. जलाशयात मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे असेल तिची जाळी कुठे लागतात हे पाहावे लागते. घाटावर तिकिटाचे टेबल मांडायचे तर ग्रामपंचायत आली. साहसी पर्यटन म्हणून जाहिरात करायची असेल तर २०२१ साली राज्याने आणलेल्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडची नोंदणीही पाहावी लागते. यांतल्या प्रत्येक ठिकाणी जे कागद मागितले गेले त्यांची यादी मी देत नाही, कारण ती ठिकाणानुसार बदलते. मात्र प्रत्येक अर्जात एक रकाना सारखा होता: ‘प्रवासी क्षमता’. आणि प्रत्येक ठिकाणी आम्ही विकणाऱ्याने सांगितलेले ‘बारा’ लिहिणार, एवढ्यात मला वाटले की हा आकडा आला कुठून ते तरी पाहू.

बाराची एक कथा आहे. समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बारापेक्षा अधिक प्रवासी नेणारे ते ‘प्रवासी जहाज’, अशी व्याख्या आहे. तीच तुटक-तुटक स्वरूपात हातोहात आमच्यापर्यंत पोहोचली आणि वाटेत तिचा अर्थ असा झाला की बारा माणसांपर्यंत काही लागत नाही. मी हे तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे आणि तिघांच्याही आवाजात खात्री होती. व्याख्या कोणत्या नियमांसाठी आहे आणि बोट किती भार पेलू शकते, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. बारा माणसांची व्याख्या मोठ्या गलबतालाही लागू होते आणि आमच्या अठरा फुटांच्या टोपल्यालाही.

म्हणून रेती. संध्याकाळी वारा पडल्यावर आम्ही रिकाम्या बोटीच्या कडेवर, पाण्यापासून वर किती फळी उघडी राहते ते पट्टीने मोजले आणि खडूने खूण केली. मग एकेक पोते आत घेतले. बारा माणसांचे वजन समान वाटून बसवले तेव्हा बोट चांगली खाली गेली तरी कड पाण्याच्या वर वीतभर होती, आणि मावसभाऊ म्हणाला, “बघा भाऊ, मावते ना जी.” मावत होते, यात शंका नाही. मग मी त्याला डाव्या बाजूची चार पोती उचलून उजव्या बाजूच्या पोत्यांवर ठेवायला सांगितले. म्हणजे दोन-तीन माणसे एका बाजूला सरकली, एवढेच. बोट झुकली आणि उजवी कड पाण्यापासून चार बोटांवर आली. आम्ही दोघेही हालचाल न करता थांबलो. मागून पलीकडच्या काठाने एक डोंगा गेला, त्याच्या पाण्याची लहर आमच्यापर्यंत आली आणि कडेवरून पाण्याचा एक पातळ पदर आत उतरला. आवाजही झाला नाही.

पोती जागची हलत नाहीत, माणसे हलतात. रेतीचे वजन खाली, आसनालगतच राहते. बसलेल्या माणसाचे वजन पोटाच्या उंचीवर, आणि उभ्या माणसाचे त्याहून बरेच वर. जितके वजन वर, तितकी बोट झुकल्यावर पुन्हा सरळ होण्याची तिची ताकद कमी. आजोबा डोंग्यात उभ्या राहणाऱ्या माणसाला आधी शिवी देत आणि मग कारण सांगत. कारण पुष्कळदा सांगतच नसत. केरळात थेक्कडीच्या तलावावर ३० सप्टेंबर २००९ रोजी सरकारी पर्यटन महामंडळाची दुमजली बोट उलटून ४५ जण गेले, ती वादळाने उलटलेली नव्हती. काठावरची जनावरे पाहायला प्रवासी एका बाजूला धावले होते. आमच्याकडे वाघ पाण्यावर येण्याची शक्यता कमी असली तरी मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे आणि पुलासोबत सेल्फी घ्यायला सगळे एकाच बाजूला वळतात. त्यामुळे चार पोत्यांचा तो प्रयोग काल्पनिक मुळीच नव्हता.

आत उतरलेल्या पाण्याचे तर आणखी वाईट. घरी परातीत पाणी भरून चालून पाहावे: परात जरा कलली की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि ती आणखी कलते. बोटीच्या तळात साचलेले पाणी नेमके असेच वागते. तळात बोटभर पाणी असताना बोट सरळ उभी दिसते आणि पहिल्या वळणावर तिचा स्वभाव बदलतो. म्हणून पाणी उपसायला पंप असला तरी दोरीने बांधलेला एक डबा बोटीत असावाच. दोरी यासाठी की घाबरलेल्या माणसाच्या हातून डबा सर्वांत आधी सुटतो.

अखेर तपासणी करणाऱ्या सर्व्हेअरने सगळे मोजून, पाहून आकडा लिहिला तो आठ, आणि त्यात चालकही आला. म्हणजे सात प्रवासी. मावसभावाचे तोंड उतरले. बाराच्या हिशेबाने त्याने पेट्रोल, हप्ता, घाटाची पट्टी असे सगळे गणित वहीत मांडून ठेवले होते, आणि साताने ते जुळत नव्हते. त्याच्या जागी मी असतो तर माझेही तोंड उतरले असते. मास्तराला पगार वेळेवर येतो म्हणून तो रेतीचे प्रयोग करू शकतो, हेही मला कळते.

मात्र त्या आठाचे वजन काय आहे, हे आमच्या भागाला वेगळे सांगायला नको. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि घरच्या माणसाच्या उत्तरकार्यासाठी जमलेल्या अकरा जणांचा जीव गेला. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूर रै येथून मिरची तोडायला वैनगंगा ओलांडून निघालेल्या बायकांचा डोंगा बुडाला आणि त्यांतल्या सहा जणी गेल्या. त्याच महिन्यात १८ तारखेला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या होत्या. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक जण होते आणि कित्येकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. वडोदऱ्याची बातमी आमच्याकडे कितीतरी दिवस टीव्हीवर चालली. मिरचीवाल्या बायकांची बातमी लवकर आतल्या पानावर गेली.

झुंज आणि गणपूरच्या नावांना तिकीट खिडकी नव्हती. अशा बिनयंत्राच्या नावांसाठी २०२१ च्या कायद्यात स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यांची मोजदाद व नोंदणी जिल्हा, तालुका आणि गाव पातळीवरच्या स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची मुभा राज्य सरकारला दिलेली आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की आमच्याकडे बोट-सुरक्षेची सुरुवात पर्यटकांच्या फायबरपासून न होता या डोंग्यांपासून व्हायला हवी. सात पर्यटकांसाठी सर्व्हेअर येतो आणि रोज शेतावर जाणाऱ्या मजूर बायकांच्या डोंग्यावर साधा क्रमांकही नसतो. गंमत म्हणजे वैनगंगा-प्राणहिता हा २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०९ आहे. नदीला क्रमांक आहे.

आणि नोंदणी असो वा नसो, यंत्र असो वा वल्हे, एक कलम सर्वांना लागू आहे. असुरक्षित किंवा क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या नावेतून भाडे घेऊन माणसे नेणे हा १८६० च्या भारतीय दंड संहितेत गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम २८४ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मावसभावाला मी हे वाचून दाखवले तेव्हा त्याने ‘भाडे घेऊन’ हे दोन शब्द मला पुन्हा वाचायला लावले. फुकट नेले तर चालते का, असा त्याचा रोख होता. मी कलम १०६ पुन्हा वाचले, त्यात भाड्याचा उल्लेख नाही.

आता जॅकेटबद्दल. यावर सर्वांत जास्त बोलले जाते आणि सर्वांत कमी पाहिले जाते. विदर्भातल्याच एका तलावावर, जिथे रीतसर तिकीट होते, मी कुटुंबासह बोटीत बसलो तेव्हा जॅकेटे मागच्या बाजूला ताडपत्रीखाली दोरीने गठ्ठा बांधून ठेवलेली होती. मोजली तर ती पुरेशी होती, म्हणजे तपासणीत कोणी आकडा विचारला असता तर तो बरोबर निघाला असता. ती गाठ सोडायला मला, हात कोरडे असताना आणि कोणी ओरडत नसताना, दीड-दोन मिनिटे लागली.

जॅकेट घेताना त्यावर लिहिलेला न्यूटनचा आकडा पाहावा. ५० न्यूटनचे ते पोहता येणाऱ्याला मदत करणारे; ते बेशुद्ध माणसाचे तोंड वर फिरवून धरण्यासाठी बनवलेलेच नसते. शांत, आडोशाच्या पाण्यासाठी १०० न्यूटनचे, म्हणजे ढोबळमानाने दहा किलो वर उचलणारे, बरे. न पोहणाऱ्या माणसाच्या अंगावर हाच फरक कामाचा असतो, आणि आमच्याकडे येणारे बहुतेक जण पोहू न शकणारेच असतात. लहान मुलांसाठी त्यांच्या वजनाच्या मापाचे वेगळे हवे. मोठ्यांचे जॅकेट मुलाला घातले तर पाण्यात जॅकेट वर राहते आणि मूल खालून निसटते, म्हणून दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असलेलेच घ्यावे. शिट्टी प्रत्येकाला बांधलेली हवी. उन्हात रंग विटून कापड चुरगळू लागले की ते जॅकेट शेतातल्या बुजगावण्याला द्यावे.

आणि जॅकेट घाटावर घालायचे, बोटीत नाही. लुगडे किंवा साडी नेसलेल्या बाईला बसल्या जागी, हलत्या बोटीत, पदर सावरत पट्टे आवळता येत नाहीत. आम्ही मावशीलाच पहिली प्रवासी केले. तिने जॅकेट पदराच्या वरून घातले, मग पदर वर घेतला, मग पट्टा पदरात अडकला. तीन वेळा करून पाहिल्यावर तिनेच रीत बसवली: पदर आधी कमरेला खोचायचा, जॅकेट त्यावर, पट्टे बाजूने, आणि शेवटी खांद्याजवळ धरून वर ओढून पाहायचे; हनुवटीपर्यंत सरकले तर ढिले आहे. आता घाटावर बायकांना जॅकेट घालायला तीच असते आणि तिचे कोणी मोडत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईजवळ घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीचा अपघात झाल्यावर तिकडे जॅकेट सक्तीचे झाले. आमच्या घाटावर ते मावशीमुळे झाले.

वाऱ्याबद्दल मात्र मावसभावाला मी काही शिकवावे असे नव्हते. तरी एक गोष्ट दोघांनाही नवी होती. नदी नदी होती तोवर वाऱ्याला पाण्यावर पळायला जागाच नव्हती. धरण झाल्यावर तो दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर मोकळा धावतो आणि तेवढ्या अंतरात लाट उभी करतो. म्हणूनच कायद्याखाली पाण्याचे विभाग लाटेच्या उंचीवरून पाडलेले आहेत आणि बोट कोणत्या विभागात चालवायची ते दाखल्यावर येते. उजनी जलाशयात २१ मे २०२४ च्या संध्याकाळी अचानक आलेल्या वादळात इंदापूर-करमाळ्याच्या मधल्या पाण्यावर बोट उलटून सहा जण गेले. वैशाखातली ती वावटळ आमच्याकडेही तशीच येते: आधी गुदमरल्यासारखी शांतता, मग पश्चिमेला मातकट पट्टा, मग पाच मिनिटांत सगळे. एप्रिल ते जून दुपारी तीननंतर बोट सोडायची नाही, हा नियम कोणत्याही कागदावर नाही; तो आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. विजेसाठी ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर आहे. अंधार पडल्यावर बोट सोडायची नाही, हे तर वेगळे लिहायचीही गरज पडली नाही.

आमच्या पाण्याची स्वतःची अशी दोन दुखणी आहेत आणि ती कोकणातल्या सर्व्हेअरला सांगावी लागली. पहिले म्हणजे बुडालेली झाडे. जलाशय भरला तेव्हा कित्येक झाडे उभीच राहिली. आता पाणी उतरते तेव्हा त्यांचे खुंट पाण्याच्या पातळीखाली हातभर असतात आणि वरून काही दिसत नाही. मावसभावाला ते पाठ आहेत, कारण त्याची जाळी तिथे फाटली आहेत. त्याने जाळ्याचे रिकामे डबे बांधून दोन्ही बाजूंनी वाट आखली. दुसरे दुखणे इकॉर्निया. नागनदीतून येणाऱ्या घाणीवर ही जलपर्णी अशी माजते की पंख्याभोवती तिची दोरी वळली जाते, इंजिन बंद पडते आणि बोट वाऱ्याच्या हाती जाते. त्या वेळी लागतात दोन वल्ही आणि पुरेशा दोराचा नांगर. दोन्ही तपासणीच्या यादीत असतात आणि दोन्ही सर्वांत आधी घरी नेऊन ठेवली जातात.

धरणाच्या भिंतीकडे जायचेच नाही. ३३ दरवाजांपैकी कोणता कधी उघडेल हे बोटवाल्याच्या हातात नसते, आणि भिंतीच्या खालच्या अंगाला तर मुळीच जाऊ नये.

इंजिनाबाबत एकच सांगतो, बाकीचे कोणताही मिस्त्री सांगेल. आऊटबोर्डला लाल रंगाची एक गुंडाळलेली दोरी असते. तिचे एक टोक इंजिनाच्या बटनात आणि दुसरे चालकाच्या मनगटाला. चालक पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होते. ती नसेल तर बिनचालकाची बोट त्याच्याच भोवती फिरत राहते, फिरत्या पंख्यासकट. आमच्या बोटीबरोबर ही दोरी आली होती, पण बटनाला कायमची तारेने आवळून, म्हणजे कोणीतरी तिचा त्रास संपवला होता. पहिल्याच दिवशी आम्ही ती तार कापली. पेट्रोल बोटीत ओतायचे नाही, टाकी काठावर भरायची. आणि आग विझवण्याचे नळकांडे चालकाच्या हाताशी ठेवायचे, टाकीच्या शेजारी नाही.

चालवण्याच्या पात्रतेचा दाखला हा मावसभावाच्या दृष्टीने सर्वांत अपमानाचा भाग होता. सात वर्षांचा असल्यापासून डोंगा वल्हवणाऱ्याला परीक्षा द्यायची! मला वाटले होते की तो चिडून सोडून देईल. परत आला तेव्हा म्हणाला की समोरासमोर दोन बोटी आल्या तर दोघांनीही उजवीकडे वळायचे असते, हे त्याला माहीत नव्हते. आजवर दोघेही शिव्या देत आणि जो थांबेल तो थांबे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ साली बोट-सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्याही मी त्याला मराठीत सांगितल्या. त्यातली प्रवाशांना निघण्यापूर्वी सूचना देण्याची गोष्ट त्याला पटली, मात्र तो त्या पाठ केल्यासारख्या न म्हणता, प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहून म्हणतो: “उभं राहायचं नाही जी. बोट उलटली तरी बोट सोडायची नाही, तिलाच धरून राहायचं. काठ जवळ दिसते, पण तो जवळ नसते.”

बोटीच्या दोन्ही अंगांना नोंदणी क्रमांकाखाली आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून घेतले: चालकासह ८. रेतीच्या पोत्यांनी आठ माणसांच्या वजनाला जिथे पाणी लागले, तिथे दोन्ही बाजूंना काळी रेघ मारली. ती रेघ बुडाली की मोजायचे कारण उरत नाही. हे सगळे झाल्यावर मला वाटले की माझे काम संपले.

पहिल्या मोठ्या रविवारी घाटावर नागपूरकडचे एक कुटुंब आले. दहा जण, त्यात एक आजी आणि दोन लहान मुले. मावसभावाने सांगितले की पाच-पाच करून दोन फेऱ्या होतील. त्यांना एकत्रच जायचे होते. “दोघं-तिघं तर जास्त आहेत, आणि मुलं म्हणजे काय वजन?” असे म्हणून एक काका दुप्पट भाडे द्यायला तयार झाले, नंतर अडीच पट. मी टेबलापाशी बसलो होतो आणि मावसभाऊ माझ्याकडे पाहत होता. त्याच्या वहीतले बाराचे गणित त्या एका फेरीत जुळत होते. पाणी काचेसारखे होते, वारा नव्हता. मी काही बोललो नाही, कारण तो आकडा माझ्या हातात नव्हता. उद्या मी शाळेत असणार आणि घाटावर तो एकटाच. त्याने हात जोडले आणि रेघ दाखवली. काका म्हणाले की बोट तर अर्धी रिकामी दिसते.

ते कुटुंब गाडीत बसून खालच्या घाटावर गेले. अर्ध्या तासाने आम्ही त्यांना पाण्यावर पाहिले: दुसऱ्याच एका बोटीत, दहाच्या दहा, दोघे उभे, एक मुलगा पुढच्या टोकावर पाय सोडून. पुलापर्यंत गेले, फोटो काढले, परत आले. काही झाले नाही. उतरताना त्यांचे हसणे आमच्यापर्यंत ऐकू येत होते. मावसभाऊ बराच वेळ तिकडे पाहत राहिला. त्याला तेव्हा काय वाटत होते ते मी विचारले नाही; मला जे वाटत होते तेही फारसे स्वच्छ नव्हते.

आमच्या फेऱ्यांच्या वहीत रकाने आहेत: तारीख, वेळ, प्रवासी, जॅकेट, वारा, परतीची वेळ. त्याने वही ओढून घेतली, पट्टीने कडेला आणखी एक उभी रेघ मारली, वर काही न लिहिता तो रकाना तसाच ठेवला, आणि त्या दिवसाच्या ओळीत तिथे १० हा आकडा लिहिला. मग मावशीला म्हणाला की पुढच्या गाडीतले लोक उतरताहेत, पाच जण दिसतात, जॅकेटे काढ.